ओठांपुरतं पाणी

मामा, लोक म्हणतात तू तहानलेला गेलास.

दारात बसायला येणारं प्रत्येक माणूस आधी मामीजवळ टेकतं, डोळ्यांना पदर लावतं आणि मग माझ्याकडं बघून म्हणतं, "तोंडात पाण्याचा थेंब न्हाय पडला म्हणं." पहिल्या दिवशी मी उठून घरामागच्या परड्यात गेले. नंतर गेले नाही. तिथंच बसून राहिले, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत. वर्गात सरांनी नुसतं नाव पुकारलं तरी मी वहीत तोंड लपवते, हे तुला ठाऊक आहे. पण इथं मला बसता आलं. कारण पोटाला मार लागलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही, हे तुझ्या माणसांना मीच शिकवलं होतं. ते मी मागं घेणार नाही.

हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं रडू आलं तरी मुद्दा हलणार नाही. "लई मुद्दं काढू नगंस, भाकरी खा," असं तू म्हणायचास. पण माझ्याजवळ दुसरं काय आहे? आपल्या दोन्ही घरांत मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली. तुझ्या घरी राहून रोज गडमुडशिंगीहून बसनं कोल्हापूरला कॉलेजात जाते. तिथं जे ऐकते ते घरी आणून तुझ्यापुढं मांडायचं आणि तू ते उडवून लावायचं, अशी आपली रीत होती. आता मांडायला जागाच राहिली नाही, म्हणून कागदावर मांडते.

तुझं काम मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. गगनबावड्याकडच्या डोंगरात रस्ता संपतो, तिथून पुढं तुझी गँग चालू लागायची. लोखंडी पोल दोरांच्या फासात अडकवून खांद्यांवर घ्यायचा, चढ चढायचा, खड्डा काढून तो उभा करायचा, मग तारा ओढायच्या. वाडीत दिवा लागला की तुम्ही पुढच्या डोंगरावर. दिवा लागलेली माणसं तुम्हाला गूळ-शेंगदाणे द्यायची. तू ते पटक्याच्या शेवात बांधून घरी आणायचास, आणि मामी म्हणायची, "मुकादमाची कमाई आली बघा."

ठेकेदारानं गँगला दिलेली प्रथमोपचाराची पेटी मात्र डोंगरावर कधी गेली नव्हती. पांढऱ्या पत्र्याची, वर तांबडी फुली. ती आपल्या घरात, देवाच्या फळीखालच्या खुंटीला टांगलेली असायची. कुलूप लावून. किल्ली देवाजवळ. अमावास्येला तिला उदबत्ती ओवाळायची, ती शांत राहावी म्हणून. पेटी कामावर नेली की ती रक्त मागते, असं तुमच्या गँगमध्ये सगळेच मानत. बंडातात्या तर तिच्याकडं पाठ करून जेवायचा नाही. तात्या म्हणजे तुझा जन्माचा जोडीदार, तुझ्याआधी गँगला लागलेला, आणि तुझ्याइतकाच हट्टी.

कॉलेजात प्रथमोपचाराचा वर्ग सुरू झाला, मी नाव घातलं, आणि पहिल्याच आठवड्यात तुला म्हटलं, "मामा, पेटी घेऊन जात जा की."

तू म्हणालास, "अगं, लग्नाच्या घरात कुणी आधीच तिरडीचं सामान आणून ठेवतंय काय?"

मला उत्तर सुचलं नाही. तात्या हसला. तूही हसलास. मी भाकरी खाल्ली.

उत्तर आता सुचलंय, मामा. लग्नाच्या घरात पाण्याचे हंडे भरून ठेवतातच की. मांडवाला आग लागावी म्हणून ठेवतात असं कुणी म्हणत नाही. सांगायला उशीर झाला, पण हे माझं उत्तर समज.

तेव्हा तुझ्याशी वाद मी जिंकले नाही. तो गँगला नुकत्याच लागलेल्या दत्तूच्या मांडीनं जिंकला. तारांच्या वाटेतल्या फांद्या तोडताना दत्तूचा कोयता निसटला आणि मांडीत घुसला. तात्यानं तंबाखू मळून त्यात दाबली. रक्त थांबेना. तेव्हा तू डोक्यावरचा पटका सोडलास, त्याची घडी करून जखमेवर दाबून धरलीस आणि वरनं आवळलीस. दवाखान्यात पोचेपर्यंत तू हात काढला नाहीस. हे सगळं मला दत्तूनं सांगितलं. तू घरी येऊन फक्त एवढंच म्हणालास, "पोरगं वाचलं." मामी पटका धुवत बसली. डाग काही निघाला नाही. "नवा पटका हुता," ती म्हणाली. तू म्हणालास, "दत्तू बी नवाच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, तू किल्ली काढलीस. आम्ही सगळे भोवती. मामीनं डोळे झाकले होते. कुलूप गंजलेलं, शेवटी पहारीनं तोडलंस. आत औषधाच्या बाटल्या सुकून गेलेल्या, कापूस पिवळा पडलेला, आणि बँडेजच्या गुंडाळ्यांमध्ये उंदराचं घरटं. पेटीच्या मागच्या कोपऱ्यातला पत्रा कुजून भोक पडलं होतं. तू आत वाकून बघितलंस आणि म्हणालास, "आयला! इतकी वरसं आपण उंदराला उदबत्ती ओवाळतोय व्हय?"

तू इतका हसलास की खोकला आला. मग एकदम थांबलास. "हितं दत्तू मेला असता," म्हणालास, पेटीकडं बोट दाखवत. "डोंगरावर न्हाय. हितं, माझ्या घरात."

पेटी धुवून, भोक बुजवून आपण नवं सामान भरलं; त्यानंतर तिला कुलूप लागलं नाही.

सुट्टीच्या दिवशी अंगणात वर्ग भरायला लागला. मी उभी, आणि माझ्यापुढं वीसेक दांडगी माणसं मांडी घालून बसलेली. माझा आवाज फुटेना. तात्यानं ते ओळखलं आणि तो आपणहून रोगी झाला. आडवा पडून विव्हळायला लागला, "बाई गं, वाचिवतीस काय मारतीस?" सगळ्यांनी मिळून त्याला डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्या गुंडाळल्या. मामी चहा घेऊन बाहेर आली आणि ओरडली, "ह्यो कोण मुंडावळ्या बांधून पडलाय?" तात्या पट्ट्यांच्या आतनं म्हणाला, "वैनी, नवरी बघा आता." त्या हशात माझी भीती गेली. तात्यावर मला आज कितीही राग आला, तरी त्याचं हे देणं मी विसरणार नाही.

तू मागं बसायचास, बायकोच्या माहेरी आल्यासारखा अवघडून. पण प्रश्न तूच विचारायचास. साप चावला तर? हाड मोडलं तर? तार अंगावर आली तर? माझ्या वहीत नसलेलंही विचारायचास. पट्टी बांधली, पुढं काय? रस्ता कुठं, गाडी कुठं? मला ते सांगता यायचं नाही. मग तुम्हीच आपसात ठरवलंत. दोन बांबूंना पोती शिवून डोली तयार ठेवायची. जिथं काम असेल तिथून सगळ्यात जवळच्या रस्त्यानं दुधाची गाडी कधी जाते ते आधी विचारून घ्यायचं. काही झालं तर पळणारा गडी आधीच ठरलेला असायचा. त्यानं दुसरं काही न बघता खाली पळायचं आणि गाडी अडवायची. "हे आमच्या पुस्तकात नाही," मी म्हटलं. "मग लिव्ह की," तू म्हणालास.

आणि मग तो प्रश्न आला, मामा. पोल घसरून पोटावर बसला तर?

मी सांगितलं, हलवाहलव कमी करायची, ऊब द्यायची, आणि पाणी द्यायचं नाही. आत काही फाटलं असलं तर डॉक्टरांना भूल देऊन पोट उघडावं लागतं, तेव्हा पोटात काही नको. फार तर ओठ ओले करावेत.

अंगणात गलका झाला. तात्या ताडकन उठला. "मरणाऱ्याला पाणी न्हाय? अगं, वैऱ्याला बी पाजत्यात! असलं कसलं तुझं शिक्षण?"

मी खाली बघितलं. तेव्हा तू मागनं बोललास, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तात्या, हितं मरणारा कोण हाय? आपण जगवायला बसलोय न्हवं?"

त्या वाक्यावर मी आजपर्यंत उभी आहे.

आपलं भांडण त्यानंतरही संपलं नाही. पेटी न्यायला लागलास, पण रोज सकाळी तिला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय उचलायचा नाहीस. मी चिडायचे. "मामा, हे औषध आहे, देव नाही." तू म्हणायचास, "ज्येला कुंकू लागतं, त्येला माणूस लाथ मारत न्हाय. वापरायची का न्हाय ते तू बघ, जपायची कशी ते मी बघतो." मी म्हणायचे, पुजून पुजूनच तर तिच्यात उंदीर झाले. तू उठून जायचास. या वादात मी अजून हटलेले नाही. तूही हटला नसतास. कोण बरोबर ते आता कोण ठरवणार?

आणि एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. आबा, माझे वडील, मला लग्नासाठी न्यायला आले होते, तेव्हा मी दाराआड उभी होते. तू त्यांना म्हणालास, "दाजी, ती आमच्या गँगची डाक्टरीण हाय. न्हेऊ नगासा. न्ह्याल तर आमचं हातपाय कोण बांधणार?" तू थट्टेवारी नेलंस, आबाही हसले, आणि मी कॉलेजात राहिले. मी डॉक्टर होणार नाही, मला साधं शास्त्र शिकून शिक्षिका व्हायचं आहे, हे तुलाही माहीत होतं. तरी तू तो शब्द वापरलास. मी दाराआडून पुढं येऊन तुझ्या पाया पडायला हवं होतं. लाजले.

त्या दिवसाबद्दल मला थोडंच लिहिता येईल. चढावर दोर सटकला, पोल फिरला आणि तुझ्या पोटावर बसला. तुझ्या माणसांनी आरडाओरडा केला नाही. पळणारा पळाला. डोली आली. दुधाची गाडी वाटेत थांबलेली होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेला होतास. मला कॉलेजातनं बोलावलं, तेव्हा डॉक्टर बाहेर उभे होते. ते म्हणाले, "आतनं यकृतच फाटलं होतं. हा माणूस जागेवर जायचा. इथवर आणलात, याहून जास्त कुणाला जमलं नसतं." मी ते घरी येऊन सांगितलं. पण मेलेल्या माणसाच्या दारात डॉक्टरांचं कोण ऐकतं? सगळ्यांनी तात्याचं ऐकलं. तात्या म्हणाला, "पाण्याचा तांब्या माझ्या हातात हुता. ह्या पोरांनी पाजू दिलं न्हाय." आणि मामीनं माझ्याकडं बघायचं सोडलं.

रक्षाविसर्जनाच्या सकाळी तात्यानं पेटी खुंटीवरनं काढून अंगणात आणली. तुझ्या रक्षेबरोबर पंचगंगेत सोडायची, असं गँगनं ठरवलं होतं. मी काय केलं सांगू? मी पेटीवर जाऊन बसले. भरल्या अंगणात, सगळ्या पुरुषांपुढं.

"ऊठ पोरी," तात्या म्हणाला.

"नाही उठत."

"तुझ्या मामाचा जीव घेतलाय तिनं."

"पोलानं घेतलाय, तात्या. पोल सोडा नदीत."

मी पेटीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. मला वाटलं, आता कुणीतरी मला हाताला धरून उठवणार. तेवढ्यात आतून मामीचा आवाज आला, तीन दिवसांत पहिल्यांदाच. "ऱ्हाऊ द्या. तेरावं झाल्यावर मी सांगतो काय करायचं त्ये." ती माझ्या बाजूनं बोलत नव्हती, हे मला कळत होतं. फक्त निकाल पुढं ढकलला होता. गँग पुन्हा कामाला निघणार, त्या दिवशी पेटी डोंगरावर जाईल किंवा नदीत जाईल, आणि ते मामीच्या शब्दावर होतं.

मधले दिवस मी पेटी उशाशी घेऊन झोपले. कितीदा वाटलं, जाऊन मामीचे पाय धरावेत, चुकलं म्हणावं. ती माझी आईच आहे. तिनं वाढलेल्या ताटावर मी कॉलेज शिकले. पण चुकलं म्हटलं असतं, तर पुढच्या वेळी कुणाच्या तरी पोटावर पोल बसेल आणि तात्या तांब्या घेऊन पुढं होईल. आणि कदाचित तो माणूस वाचण्यासारखा असेल. मामा, मी नाही म्हटलं चुकलं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर दत्तू मामीसमोर येऊन बसला. अजून थोडा लंगडतो. इतके दिवस तो एक शब्द बोलला नव्हता.

"मामी, आमी पाणी अडवलं न्हाय. मामाच नगं म्हणला."

तात्यानं मान वर केली.

"तात्यानं तांब्या पुढं केला. मामानं तोंड फिरवलं. म्हणला, 'नगं. भाचीनं सांगितलंय. डाक्टरकडं पोचू द्या, मग पितो.'" दत्तूनं माझ्याकडं पाहिलं नाही. "भाचीचं नाव घेतलं, म्हणून मी गप ऱ्हायलो. तुमी तिला घराबाहेर काढाल असं वाटलं."

मामी तात्याकडं वळली. "खरं हाय?"

तात्या जमिनीकडं बघत म्हणाला, "त्येनं तोंड फिरवलं ते मी बघितलं. पुढचं मला ऐकू आलं न्हाय, वैनी. मी रडत हुतो." आणि तो तसाच पुन्हा रडायला लागला, पदर नसलेल्या माणसासारखा, उघड्या तोंडानं.

मग पितो. मामा, मी त्या दोन शब्दांपाशी थांबले आहे. पाणी नको म्हणालास म्हणजे तू मरायला निघाला नव्हतास. तू वाचायला निघाला होतास. इथं येऊन डोळ्यांना पदर लावणाऱ्यांना मी आता हेच सांगते. माझा मामा तहानलेला गेला असेल. पण मरणारा म्हणून नाही गेला.

मामीनं दत्तूला एकच विचारलं, "मग व्हट तसंच कोरडं?"

"न्हाय. माझ्या टावेलचा शेव बुडवून फिरवत हुतो. घामाचाच हुता मामी. दुसरं कायबी न्हवतं."

मामी उठून आत गेली.

काल सकाळी गँग निघाली. नारळ फुटायच्या आधी सगळे अंगणात उभे होते. मी पेटी धरून उंबऱ्यावर. मामी बाहेर आली, हातात तुझा तो पटका. डाग पडलेला, धुवून धुवून मऊ झालेला. ती जमिनीवर बसली आणि तिनं तो दातांनी कडेला तोडून टर्रकन फाडला. तात्याचा हात पुढं आला आणि तसाच राहिला. डागाचा तुकडा तिनं घडी करून कमरेला खोचला. उरलेल्या पांढऱ्या कापडाचे तळहाताएवढे तुकडे केले, एकावर एक रचले आणि मला म्हणाली, "उघड."

मी पेटी उघडली. तिनं ते तुकडे सगळ्यात वर ठेवले.

"ह्ये व्हट भिजवायला. घामाचा टावेल लावायचा न्हाय माझ्या माणसांना." मग माझ्याकडं पाहिलं, कितीतरी दिवसांनी. "ह्यानं तहान भागती काय गं?"

"नाही भागत, मामी."

तिनं मान हलवली. तात्याकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, अंगणाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "भावजी, पेटी तुमच्या खांद्यावर. ही पोरगी पाणी द्यायचं न्हाय म्हणली की न्हाय. आणि डाक्टरच्या हातनं जो जित्ता परत येईल, त्येला आधी ह्या दारात आणा. मी पाजतो."

तात्या वाकला. पेटी उचलण्याआधी त्याची नजर कशासाठी तरी भिरभिरली, आणि मला कळलं. मी आत जाऊन कुंकवाची डबी आणली. मामा, हे तुझ्यासाठी नाही, वाद अजून बाकी आहे. पेटीला कुंकवाचं बोट मी तात्यालाच लावू दिलं.